शेवटच्या बोटीने आलेली नळी

पोर्वेनीरहून संध्याकाळची बोट आली
आणि बंदर बंद झालं.
उतरल्या अठ्ठावीस मेंढ्या, एक शाळामास्तर,
आणि बर्फाच्या डब्यात, लोकरी मोज्यात गुंडाळलेली
यास्ना बार्रिआच्या रक्ताची नळी.
यास्ना मात्र राहिली सामुद्रधुनीच्या पलीकडे.
तिसावा आठवडा, पोटी दोन,
पायावर अंगठा दाबला तर पडलेला खड्डा भरत नाही.

पुन्ता अरेनासमध्ये अशा रात्री
रस्त्याच्या कडेने दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
एलियाना ओयार्सो दोराला धरूनच कामावर आली,
ओळखपत्र दातांत.
नळी यंत्रात ठेवली. अठरा मिनिटं.

या अठरा मिनिटांत तिला काही करायचं नसतं.
शेजाऱ्यांचा करावा तसा ती विचार करते
रक्तातल्या दोघांचा.
एक वारेला सांगतो: फूट, फांद्या काढ,
भिंतीत मूळ घाल, वाहिन्या रुंद कर,
दोघींना पुरायला हवं.
दुसरा मूळचा कुलूप.
दारातून निखळला आणि आता मोकळा हिंडतो,
भेटेल ती किल्ली गिळत.
दारं तशीच बंद. आईचं डोकं ठणकतं,
डोळ्यांपुढे काजवे.

तसे दोघंही प्रत्येकीत असतात.
जुळ्यांची वार मोठी, म्हणून सुटी कुलपंही जास्त,
आणि भिंतीवरचा तक्ता तर
एकेकट्या बाळांच्या आयांवरून काढलेला.
त्याच्या समासात एलियानाने पेन्सिलीने लिहिलंय:
दोन असतील तर?
चार वर्षं झाली. कुणी खोडलं नाही,
कुणी उत्तरही दिलं नाही.

आकडा आला.
जुळी धरून, सूट देऊनही, फार.
तिने फोन लावला. पलीकडे सुईण,
सुईणीच्या मागे वारा,
अलीकडच्या खिडकीतही तोच.
"तिला आणा."
"कशातून आणू?"
मग बराच वेळ दोघीही फोन ठेवेनात.

(मी हे लांबून लिहितेय.
माझ्या भाषेत वार आणि वारा
यांत एका कान्याचं अंतर.
एलियानाच्या भाषेत तसं काही नाही,
तिला ते कळलं असतं तरी
त्या रात्री उपयोग नव्हता.)

दीड दिवसाने हेलिकॉप्टर उठलं.
दान्का, पंधराशे ग्रॅम, लालबुंद.
मिर्ना साडेनऊशे,
धुतलेल्या कागदाच्या रंगाची.
त्यांच्या मागून वार,
स्टीलच्या परातीत, एलियानाकडे.

तिने एका नाळेत निळा रंग सोडला, दुसरीत पिवळा,
हळू, थिजलेलं तेल ओतावं तसा.
निळं निळ्याच्या वाटेने गेलं, पिवळं पिवळ्याच्या,
आणि मध्ये एका ठिकाणी,
केसाएवढं,
हिरवं उमटलं.

यास्नाला चाकाच्या खुर्चीतून आणलं तिसऱ्या दिवशी.
रक्तदाब अजून उतरायचा होता.
फोटो तिने उलटा धरला, मग सुलटा.
"म्हणजे दान्काने घेतलं?"
"वाट होती," एलियाना म्हणाली.
"बंद करता आली असती?"
"लेझरने. सान्तियागोला. आधी कळलं असतं तर."
यास्नाने हिरव्या ठिपक्यावर नख ठेवलं,
बराच वेळ ठेवलं,
आणि विचारलं, हा फोटो घरी नेता येतो का.

मिर्ना आज नऊशे पंचावन्न.
काल नऊशे चाळीस होती.
परवाचं कुणी सांगत नाही.

एलियाना पहाटे घरी निघाली.
वारा पडला होता, पालिकेने दोर सोडून नेले होते.
तरी ती कडेकडेनेच चालली,
एक हात थोडा पुढे,
मूठ अर्धवट मिटलेली.