डावीकडची काडी

हिद्दच्या सुक्या गोदीत जहाज उभं आहे,
पाणी काढून घेतलेलं, लाकडी ठोकळ्यांवर,
आणि मी पिंजऱ्यातून वर, त्याच्या नाकाशी,
हातात पांढऱ्या रंगाचा डबा.

कुडाळच्या बाजारात माझ्या हातचे बोर्ड होते:
'गुरुकृपा रसवंती', 'येथे छत्र्या दुरुस्त होतील',
एका दंतवैद्याचा हसरा दात.
मग फ्लेक्स आला. ब्रश रॉकेलमध्ये बुडाले ते बुडालेच.

आता डुबाचे आकडे रंगवतो,
जहाज किती फूट पाण्यात आहे ते सांगणारे.
उजव्या अंगाला साधे, मीटरचे.
डाव्या अंगाला रोमन,
सगळं काड्यांचं काम: उभी, तिरकी, फुली.
फुली माझ्या ओळखीची.
चौथीत गुरुजी लाल शाईने द्यायचे.
इथे तिचे दहा होतात.

पत्रा नवा होता, जुन्या वेल्डिंगचा उंचवटा नव्हता.
खडूने आखलं, रंगवलं, मान मागे घेऊन पाहिलं: अक्षर झकास.
वर्गीस खालून ओरडला,
"पेंटर, चोवीसच्या जागी सव्वीस!
दोन फुटांत जहाज वाळूत बसतं, माहीत आहे?"
XXVI.
थिनरने पुसलं.
काडी तीच होती. जागा चुकली होती.

रात्री वरच्या बंकवर रोडेल घोरत असताना
ऊर्वीला फोन लावला. तिला पाचवीत आहेत हे आकडे.
खराट्याच्या काड्या मोडून तिने फरशीवर मांडल्या.
मोबाईल चुलतभावाने धरलेला, तिरका,
अर्ध्या पडद्यावर नुसते तिचे गुडघे.
"बाबा, नीट बघा हं.
एकच खूण सलग तीनदा, चौथ्यांदा नाही.
लहान मोठ्याच्या उजवीकडे आला तर मिळवायचा.
डावीकडे आला तर वजा."
"आणि शून्य?"
"शून्य नाहीच त्यांच्यात."
मला बरं वाटलं.
घरी पैसे पाठवल्यावर माझ्याकडे उरतं ते
त्यांना लिहिताच आलं नसतं.

तिच्या मागे भिंतीवर नकाशा होता,
खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला.
कोकणाची कड सापडली,
मग निळं पाणी, मग डावीकडे,
पार डावीकडे, तांदळाच्या कणीएवढं बहारीन.
नियम तर तिने आत्ताच सांगितला होता.

फाटकावरच्या हाजी मन्सूरला हे चहाच्या वेळी सांगितलं,
अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांत.
तो बराच वेळ कपात बघत राहिला.
"आम्ही उजवीकडून वाचतो," म्हणाला.
"आधी तुझं घर येतं, मग तू.
म्हणजे मिळव."
आणि साखर न विचारता घातली.

शुक्रवारी तिचा वाढदिवस झाला.
वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं: XI.
गेल्या खेपेला मी घरी होतो तेव्हा ती नऊची.
IX.
तीच फुली, तीच काडी.
काडी उचलून पलीकडे ठेवायला
दोन वर्षांचं काँट्रॅक्ट लागलं,
आणि मधली नुसती फुली,
काडीशिवायची,
ती मी पाहिलीच नाही.

आज गोदीत पाणी सोडलं.
हिरवट, तेलकट, वर एक चप्पल तरंगत.
मी पायऱ्यांवर उभा राहून वाचत होतो,
मोठ्याने, कोणी ऐकत नव्हतं:
सात गेला, आठ गेला,
माझ्याच हातचा रंग, अजून वास न गेलेला.
फुली आली तेव्हा पाण्याला म्हटलं, जरा थांब.
ते कशाला थांबतं.
बारा फुटांच्या वर कुठेतरी
जहाज ठोकळ्यांवरून सुटलं.
एवढं लोखंड, झोपलेलं मूल कूस बदलतं तसं
हललं एकदा.
वर्गीसने वहीत नोंद केली,
साध्या आकड्यांत.