वावडं

पुन्ता आरेनासमध्ये रस्त्याच्या कडेनं दोर बांधतात
वाऱ्याचे महिने लागले की.
माणसांनी धरायला.
इथे वाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही,
दोर पक्का आहे ना, एवढंच बघतात.

मी सामुद्रधुनीवरच्या फेरीबोटीतला मेकॅनिक.
इंजिन नुसतं खाकरलं तरी सांगतो
कुठला व्हॉल्व्ह अडलाय.
पण तुझ्या सात आठवड्यांच्या पोटाला कान लावला
तर आत नुसती गुडगुड,
मग गुडघे छातीशी, मुठी आवळलेल्या,
चेहरा उकडल्या खेकड्यासारखा लाल,
आणि ती किंकाळी.
व्हॉल्व्ह सापडत नाही, दानित्सा.

पाणी उकळून कोमट केलेलं. चमचे सपाट, मोजून.
निपलं तीन प्रकारची.
पाठीवर थोपटत स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर.
ढेकर आली, तर तिच्यामागून अख्खी बाटली आली.
माझ्या गणवेशाच्या खांद्यावर पांढरा फाटका डाग,
कप्तान म्हणाला, बढती झाली वाटतं.

शहरभर वावड्या.
रोसाउराबाई म्हणाल्या, बडीशेपेचं पाणी.
सासूबाई म्हणाल्या, पोटात काहीतरी चिकटलंय,
टेकडीवरच्या बाईकडे न्या.
त्या बाईनं पाठीची कातडी चिमटीत धरून ओढली,
कट् वाजेपर्यंत,
पुटपुटली, पैसे घेतले नाहीत, अंडी घेतली.
घरी येणाऱ्या बसला लागतात तितकी मिनिटं
तू गप्प होतीस.

आणि कुणीतरी म्हणालंच,
आईचं दूध असतं तर.
यास्ना काही बोलली नाही.
धुतलेली बाटली तिनं पुन्हा उकळायला टाकली.

मग एका सकाळी लंगोटात
लाल धागा.
भरतकाम करताना तुटून पडावा तसा, बारीक.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.
बाहेर कुणाच्या तरी छपराचा पत्रा वाजत होता.

डॉक्टर पोरसवदा, केस वाऱ्यानं विस्कटलेले,
लंगोट घडी उलगडून नीट पाहिला त्यानं,
आपण नकाशा पाहतो तसा.
गायीच्या दुधाचं वावडं आहे हिला, म्हणाला.
तुमचं काही चुकलेलं नाही.
यास्ना म्हणाली, परत सांगा.
त्यानं वावडं कसं असतं ते पुन्हा समजावलं.
ते नाही, ती म्हणाली. दुसरं.

नवा डबा महाग. किती महाग ते लिहीत नाही,
हिवाळ्याचे बूट पुढच्या वर्षी.
वास भिजल्या पुठ्ठ्याचा.
मी चाखून पाहिलं. कडू, वर काहीतरी मासळीचं.
तू पहिला घोट घेतलास आणि माझ्याकडे अशी बघितलीस
की मी माफी मागितली, मोठ्यानं,
पहाटे चारला, एकटा.
उजाडत आलं होतं. तुझ्या नावाचा तारा
कुठे असतो ते यास्नाचे आजोबा सांगायचे,
मला सापडला नाही.
तुझ्या मुठीत माझं बोट होतं, तू ओढत होतीस,
मीही जाग्यावर उभा राहत होतो
त्या बोटाच्या आधारानं.

तिसऱ्या रात्री अर्धी बाटली.
पाचव्या रात्री पुन्हा सगळं अंगावर.
डॉक्टर म्हणाला होता, आठवडे लागतील,
आम्ही मात्र तास मोजत होतो.

अकराव्या रात्री तू तोंड वाकडं केलंस.
यास्नानं टॉवेल उचलला, मी श्वास धरला,
आणि वारा सुटला.
लांब, खर्जातला, धक्का सोडणाऱ्या फेरीच्या भोंग्यासारखा.
एवढ्याशा देहातून एवढा.
तू स्वतःच दचकलीस.
यास्ना जमिनीवर बसून हसत होती,
कित्येक आठवड्यांनी, तोंडावर टॉवेल दाबून,
शेजारी जागे होतील म्हणून.

अजून रडतेस. संध्याकाळी सहाला, ठरल्यासारखी.
सहाची फेरी सुटते तेव्हा मी वर डेकवर येतो,
उगाच,
किनाऱ्याकडून वारा येतो का बघायला.