अठ्ठावीस पाय

क्षेमकल्याणी काकांनी पिशवीतून कॉम्प्युटर काढला,
पावासारखा फुगीर, उन्हानं पिवळा पडलेला,
आणि म्हणाले, चालतो. फक्त मुका झालाय.

रविवार कारंजा, दुसरा मजला, माझं दुकान.
झाकण उघडलं तर आवाजाची चिप
बोट ठेववेना इतकी तापलेली.
अठ्ठावीस पाय, पोटात तीन गळे,
तिन्ही बसलेले.

अशी चिप आता कुणी बनवत नाही.
पेन्शनमधून काकांनी बाहेरून दोन मागवल्या होत्या,
त्या भिंगाखाली धरून दाखवल्या मला:
हे बघ, जुना छाप घासलाय, वर नवा मारलाय.
शाई बसलेली नाही, नुसती टेकलीय.
बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
हा माणूस नोटांच्या शीटवर चुका शोधायचा.
वेलबुट्टी केसभर सरकली की शीट बाद.

म्हटलं, मग आपणच करू.

नखाएवढा मायक्रोकंट्रोलर घेतला.
अंबडच्या शेडमध्ये रुंजा आहेरकडून पट्टी करून घेतली;
त्यानं दोन पाय उलटे काढले. परत अंबड.
जुन्या घरात पाच व्होल्टचा कारभार,
या पोराला सोसतात जेमतेम तीन,
मध्ये रेझिस्टरांची रांग उभी केली,
सासू-सुनेच्या मध्ये आत्या उभी राहते तशी.

कॉम्प्युटर सेकंदाला दहा लाख हाका मारतो.
हाक ऐकायला वेळ अर्धा मायक्रोसेकंद,
तेवढ्यात पत्ता वाचायचा, आकडा उचलायचा,
आणि पुन्हा दाराशी येऊन उभं राहायचं.
नव्या चिपला मेंदू दोन.
एकाला सांगितलं, तू नुसता कान. दिवासुद्धा लुकलुकवू नकोस.
दुसऱ्याला, तू गळा.
त्याला त्रिकोण शिकवला, करवत शिकवली, चौकोन शिकवला,
गोंगाटासाठी तेवीस मण्यांची माळ
एकेक मणी सरकवत फिरवायला लावली.

बुधवारी, खालची आरती संपल्यावर, पहिला सूर आला.
भसाडा. मी एकटाच होतो.
टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर गडगडत खाली गेला
आणि मी तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी चारला काका आले.
अठ्ठ्याऐंशी सालची कॅसेट, सात मिनिटं नुसती चढत होती.
गाणं सुरू झालं. दोन सेकंद.
बाद, म्हणाले.
का?
फार स्वच्छ आहे. इथे ढोल वाजायचा.

रात्रभर जुने कागद उपसले. खरं होतं.
मूळ चिपमध्ये खोट होती,
आवाजाची पातळी बदलली की तिला ठसका लागायचा.
बनवणाऱ्यांना लाज वाटली असेल.
वाजवणाऱ्यांनी मात्र त्या ठसक्यावर ढोल बसवला.

मी नेमकी ती खोट पुसून बसलो होतो.

मेलेल्या चिपचा ठसका कशानं मोजणार?
काकांच्या कानानं मोजला.
वाढव. अजून.
नको, हा खोकला झाला.
थोडं मागे.
थांब.
थांब, थांब.

कपाटाच्या काचा बारीक थरथरल्या.
काका डोळे मिटून होते, चहावर साय धरली होती.
इतक्या चुका जाळायला पाठवल्या मी,
असं काहीतरी म्हणाले,
आणि पुढचं चहाबरोबर गिळलं.

निघताना पाचशेच्या तीन नोटा दिल्या.
मी तशाच ड्रॉवरमध्ये टाकायला लागलो.
बघून घे, म्हणाले.
तुम्ही दिल्यात काका.
म्हणूनच बघ.

ट्यूबलाइटखाली धरल्या. मला काय कळणार होतं?
खाली पाहिलं तर ते जिन्याच्या वळणावर थांबलेले,
मेलेली चिप काडेपेटीत, काडेपेटी वरच्या खिशात,
आणि कठड्यावर बोटांनी
तोच ढोल, एक ठोका उशिरा.

उशीर त्यांच्या बोटांचा की माझ्या चिपचा,
ते अजून तपासायचंय.