मागचं वजन

हिंगणा रोडच्या आत, टिनाच्या शेडखाली
हेमराज उईकेनं चॅनेल आडवं टाकलं
आणि खडूनं लिहिलं : चार फूट.
खर्रा गालात सरकवला. खोडलं. साडेतीन केलं.
"ट्रॅक्टर लहान हाय न, बाई.
काटा जितका लांब, ताकद तितकी खोटी."

माझं पेव्हर ब्लॉकचं यार्ड,
चोवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, पुढे लोडर, लोडरला बकेट.
बकेटीत वाळू येते, गिट्टी येते.
पॅलेटवर रचलेले ब्लॉक येत नाहीत.
ते सुखदेव आणि चंद्रकला उचलतात, हातानं,
सीझनमध्ये दिवसाला अकराशे,
आणि चंद्रकलाचं मनगट हल्ली
पाण्याचा गिलास धरतानाही थरथरतं.
तयार काट्यांचा भाव विचारला होता मी.
आकडा ऐकून "बरं, कळवते" म्हटलं,
न आवडलेल्या स्थळाला म्हणतात तसं.

म्हणून हे भंगार :
वाडीच्या एका मोडक्या ट्रेलरची चॅनेलं,
बारा एमएमची प्लेट, कुणाच्या तरी जिन्यातली,
एका कडेला पायरीचा हिरवा रंग अजून धरून बसलेली.

आधी त्यानं नुसते टाके मारले.
टाका हा शब्द माझ्या घरचा.
आई गोळीबार चौकात फॉल-पिको करायची,
म्हणायची, कच्चा टाका उसवायसाठीच असते,
उसवायची लाज वाटली की ब्लाउज बिघडते.
उईकेनं गुण्या लावला, एक डोळा मिटला,
हातोड्याच्या एका घावात टाका उसवला,
पुन्हा मारला.

मे महिना. दुपारी लोखंडाला हात लावायची सोय नाही,
मग आम्ही पहाटे साडेपाचला भेटायचो,
तो, मी, आणि त्याचं चिडकं ग्राइंडर.
पक्कं वेल्डिंग झालं आणि डावा काटा
बोटभर खाली आला.
"ओढते थे," तो म्हणाला, "गरम झालं का ओढते."
उलट्या बाजूनं लाल करून त्यानं तो वर आणला,
पूर्ण नाही. अर्धं बोट राहिलं.

पहिल्या दिवशी पॅलेट उचललं.
म्हणजे पॅलेट जमिनीवरच राहिलं
आणि ट्रॅक्टरची मागची चाकं वीतभर वर गेली.
सुखदेव सीटवरून ओरडला,
लिव्हर सोडली, सगळं धाडकन खाली.
उईकेनं काटे तपासले, शिवण न् शिवण, नखानं.
"काट्यात काईच नाई. तुमच्या मांगंच काई नाई न बाई.
मांगं वजन पायजे."

तेलाचं अर्धं कापलेलं ड्रम आणलं,
आरपार दांडा घातला, काँक्रीट ओतलं. माल कमी पडला.
तेव्हा मी कडुनिंबामागच्या ढिगाकडे गेले.
पहिल्या वर्षीचे ब्लॉक. पाणी जास्त झालेले,
एका शाळेनं ट्रकभर परत पाठवलेले.
तीन वर्षं त्या कोपऱ्याकडे पाठ करून
मी चहा प्यायले आहे.
एक-एक आणून ड्रममध्ये टाकत गेले.
साठपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं.

एकवीस दिवस गोणपाट ओलं ठेवलं.
उईकेला घाई होती. मला नव्हती.
घाईचं काय होतं ते ड्रममध्येच होतं.

बाविसाव्या सकाळी पॅलेट उठलं,
चाकं जागेवर, काट्यांतून एकच लहान कण्हणं.
चंद्रकला बघत उभी होती,
हात कुठं ठेवावे ते न कळून
पदराला पुसत, पुसलेलेच पुन्हा पुसत.
"मंग मी काय करू आता?"
मी सीटकडे बोट दाखवलं.
ती हसली नाही. चप्पल काढून वर चढली.

आज ती सुखदेवला सांगत होती,
"डावा अर्धं बोट खाली हाय,
त्याले आधी घाल, मंग उजवा आपोआप जाते."