खोबण

झाकण उघडून ब्लोअर मारला
आणि अख्खं दुकान शिंकायला लागलं.
पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटींत
सात हंगामांची मिरची बसलेली,
लाल, बारीक, अजून तिखट.
सायसिंग डोळे चोळत बाहेर पळाला.
समोरचा इस्त्रीवाला ओरडला, ताई, फोडणी देतेस का काय!

धुडकू आप्पा मात्र शिंकले नाहीत.
चाळीस वर्षं पथारीवर गेलेलं नाक ते.
म्हणाले, फक्त जरा पळाया पाहिजे.
बिल निघेपर्यंत गाडीवाला बिडी संपवतो,
दुसरी पेटवतो,
मग शेठ काचेतून माझ्याकडे बघतो.

मी जुनी पेस्ट पुसली, प्रोसेसर उचलला.
खाली खोबण.
सातशे पंच्याहत्तर टोकं, केसाएवढी,
एकही वाकलेलं नाही.
आप्पा, म्हटलं, याच्या जोडीचं आता बनत नाही.
कंपनीने खोबण बदलली.
मग परत बदलली. मग परत.
टोकं वाढवली, खाच जराशी सरकवली,
कालचा आज बसू नये एवढीच.

कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला.
प्रोसेसर नवा, तर बोर्ड नवा.
बोर्ड नवा, तर रॅम नवी, जुनी पट्टी त्यात शिरत नाही.
सप्लाय गेला. विंडोज गेलं.
आणि विंडोज गेलं की तुमचा काट्याचा प्रोग्राम गेला,
जो शिरपूरच्या कुणा पोराने लिहिला होता,
आणि तो पोरगा आता कॅनडात.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत आकडा पाहिला.
"म्हंजे बठं बदलनं पडी?"
बठं, मी म्हटलं. तुम्ही आणि केबिन सोडून.
ते हसले नाहीत.
"नि हाई नवं कितला दिन चाली?"

इथे मी अडकले.
मशीन चालेल दहा वर्षं. पण खोबण?
एक कंपनी दोन वर्षांत मोडते,
दुसरी जरा जास्त टिकवते,
पुढच्या साली काय, ते पुण्याचा डीलरही छातीठोक सांगत नाही.
आणि मी नंदुरबारच्या स्टेशन रोडला बसून
कुठल्या भोकाचं आयुष्य लांब ते सांगायचं,
दिवाळीनंतरचा भाव आत्ता सांगणाऱ्या
दलालासारखं.

खालच्या ड्रॉवरमध्ये माझा बिस्किटाचा डबा आहे.
त्यात गुलाबी फोमवर, काही टोचलेले, काही नुसते ठेवलेले,
पस्तीस-चाळीस प्रोसेसर. सगळे चालू.
बोर्ड मेले, हे मागे राहिले.
घेत कोणी नाही, टाकवत मला नाही.
त्यात सापडला तो,
याच खोबणीचा, घराण्यातला शेवटचा, चार कोरचा.
एकेकाळी तो घ्यायची ऐपत
आमच्या गावात दोघांचीच होती,
एक फोटो स्टुडिओ, एक हाडांचे डॉक्टर.
आज चारशे रुपये.

पण बोर्डाशी आधी त्याची ओळख करून द्यावी लागते.
जुनाच परत बसवून बायोस अपडेटला लावलं.
पट्टी सरकत होती, तीन मिनिटं,
आणि त्या तीन मिनिटांत लाइट गेली असती
तर बोर्डाचा दगड झाला असता.
यूपीएसची बॅटरी कशी आहे ते मला माहीत होतं.
मी आप्पांना सांगितलं नाही.
सायसिंगला माहीत होतं,
दारात उभं राहून त्याने शिंकसुद्धा दाबून धरली.

भरली पट्टी.

मी कॅलेंडरचं पान फाडून दिलं:
दोन हंगाम निघतील.
तोवर महिन्याला हजार बाजूला,
काट्याचा प्रोग्राम दुसऱ्याकडून लिहून घ्या,
शेठला आजपासूनच सांगत राहा.
त्यांनी घडी घालून ते टोपीत ठेवलं.

मग जुना प्रोसेसर मागितला, नुसता बघायला.
तळहातावर घेऊन
हात दोनदा खालीवर केला, सवयीने.
"वीस ग्रॅम," म्हणाले,
"वर एखादा."