लिटरला तेहतीस ग्रॅम

आई गोड्या पाण्यातली. पोरांना मात्र
जन्मल्यापासून चार-पाच दिवसांत समुद्र हवा,
नाहीतर मरतात. सगळी.
हे मला पहिल्या खेपेला कळलं, ते उशिरा.

लाइपझिगहून समुद्र साडेतीनशे किलोमीटर.
माझ्याकडे तो दोन किलोच्या पाकिटातून येतो,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजते,
लिटरला तेहतीस ग्रॅम.
केकसाठीसुद्धा कधी इतकं नेमकं मोजलं नाही मी.

पाच आठवडे ती कोळंबी अंडी पोटाखाली घेऊन फिरली,
पायांनी त्यांना वारा घालत.
पाण्यात वारा घालतात का? ती घालत होती.
मग एका रात्री शेवटची ट्राम डेपोत लावून
दीड वाजता घरी आले, दिवा न लावता
टाकीच्या कोपऱ्याशी टॉर्च धरला
आणि धूळ हलली.
धूळ उजेडाकडे आली, डोकं खाली, शेपूट वर,
उलटे टांगलेले स्वल्पविराम,
हजार असतील, बाराशे असतील,
वाक्य एकही नाही.

नळीने ओढून बरणीत घेतले.
खिडकीत हिरव्या पाण्याच्या सहा बाटल्या, त्यांचं जेवण.
भाऊ आला होता, डेटलेफ, त्याला सरबत वाटलं.
आठव्या दिवशी तळाशी पांढरी राख.
बाराव्या दिवशी आणखी.
मोजायचं सोडून दिलं.

वरच्या मजल्यावरची न्युंग आणि मी
अकरा वर्षं एकमेकींना पाण्यात पाहत होतो:
जिन्यातले तिचे बूट, तिच्या मासळीच्या सॉसचा वास,
रविवारी घरघरणारा माझा व्हॅक्यूम.
सव्विसाव्या रात्री वीज गेली. अख्खी गल्ली काळी.
पंपाचा बुडबुडा थांबला,
आणि थांबल्यावर कळलं की त्याच आवाजावर
मला महिनाभर झोप लागत होती.

चमच्याने पाणी उचलून उंचावरून सोडत बसले,
उचल, सोड, उचल, सोड,
तीन वाजता दारावर थाप. मेणबत्ती घेऊन न्युंग.
"हाइडरून, हे काय वाजतंय? कुणी मेलंय का?"
"अजून नाही," मी म्हणाले.
ती वाकली. मीही वाकले.
असं दोघींनी मिळून पाण्यात पाहिलं.

"आमच्या खाडीवर," ती म्हणाली,
"जाळीभर यायची, एवढीच.
आई मीठ लावून बरणीत भरायची, वर्षभराची बेगमी."
"ही खायची नाहीत."
"कळतंय मला," म्हणाली, आणि माझ्या हातातून चमचा घेतला.
सहाला पंप परत बोलू लागला
तेव्हा ती खुर्चीतच झोपली होती, चमचा मुठीत.

एकोणचाळिसाव्या दिवशी एक जण सरळ झाला.
काचेला पाय रोवून बसला,
मग पुढे चालला, पुढे! जन्मात पहिल्यांदा.
आठवडाभरात सतरा. बाराशेंतले सतरा.
आता त्यांना परत गोडं पाणी हवं, आणि लवकर.
खाल्ल्या मिठाला ती जागत नाहीत.
जागली तर मरतील.

चार तास थेंबथेंब गोडं पाणी सोडलं,
मग मोठ्या टाकीत.
आई आली, एकाच्या अंगावरून चालत गेली,
मिशी लावून पाहिली, आणि दुधीच्या चकतीकडे वळली.
"ओळखलं?" न्युंगने विचारलं.
"नाही."
"बरं झालं," ती म्हणाली.
का, ते मी विचारलं नाही. तिचे बूट
हल्ली मी जिन्यात नीट जोडून ठेवते.

बरणी अजून धुतलेली नाही.
समुद्र जिथवर होता तिथे काचेवर पांढरी रेघ आहे.
आणि आज सकाळी पाहिलं, आईच्या पोटाखाली
पुन्हा काहीतरी हिरवट दिसतंय.
पाकीट झटकलं. सत्तर ग्रॅम उरलंय,
दोन लिटरांचा समुद्र, जेमतेम.