बुटातला चिखल

आईनं मोरीत बूट धुतले
मला न विचारता.
उलथन्याच्या टोकानं तळव्याच्या खाचा कोरल्या
आणि म्हणाली, कुठल्या रानात गेलतीस गं?

सांग्रो, मी म्हणाले. नदी आहे. इटलीत.
तोवर ती जाळीतून खाली गेली होती,
मंगळवार पेठेच्या गटारात,
तिथून जयंती नाल्याला.
नाला पुढं कुठं मिळतो
ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे,
आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

हॉस्टेलच्या खोलीत सहाजण होतो.
न्यूझीलंडचा एक पोरगा पणजोबा शोधायला आलेला,
त्याच्याकडं छापील कागद: विभाग, रांग, नंबर.
मी कुणालाच शोधत नव्हते.
बस स्वस्त होती
आणि चढावर मला सोबत हवी होती.

ऑलिव्हची झाडं. कातरलेलं गवत.
दगड असे ओळीत
की कुणीतरी ‘विश्राम’ म्हणायचं विसरलंय.
त्याला त्याचा दगड सापडला. तो खाली बसला.
मी त्याची सॅक पोटावर, माझी पाठीवर
अशी स्टँडवरच्या हमालासारखी उभी.
कुठं बघावं कळेना म्हणून भिंतीकडं बघितलं.
पुरलं नाही, जाळलं,
त्यांची नावं त्या भिंतीवर होती.

ग्यानू चौगले.
इंग्रजीत. एक अक्षर चुकलेलं.
गाव नाही.

माझं आडनाव चौगले नाही.
आमच्यात फौजेत कुणी गेलं नाही,
आजोबा कारखान्यात उसाच्या गाड्या वजन करायचे.
तरी तोंडातून गेलंच, मोठ्यानं,
गल्लीतनं पोराला हाक मारावी तसं:
ए ग्यान्या!
न्यूझीलंडचा पोरगा दचकला.
त्याला काय सांगणार,
सॉरी म्हणाले.

आज पहाटे गंगावेशीत गेले.
कट्ट्यावर म्हशी, पितळी चरव्या,
तालमीतली पोरं ग्लास धरून पेंगत होती.
बंडा चौगले धार काढत होते. त्यांना विचारलं.
‘चौगले? अर्धा जिल्हा चौगले हाय,’ ते म्हणाले.
‘असंल आमच्यातला. नसंल बी.’
हात थांबला नाही.

फोनमधला फोटो पुढं धरला.
‘चष्मा न्हाई. वाचा तुम्हीच.’
वाचला.
दोन शब्दांत संपला.

त्यांनी फेसाचा ग्लास दिला,
पैशाला नको म्हणून मान हलवली,
म्हशीच्या पाठीवर थाप मारली, दावं सैल केलं.
मी ग्लास विसळून ठेवला, निघालेच होते.
तेव्हा चरवीत बघत ते म्हणाले,
‘थंडी लई असती का वो तिकडं?’